चुन्याचं बोट

बायनाबाईचा कोणावरच विश्वास नव्हता. दुकानदारावर नव्हता, त्याच्या तराजूवर नव्हता, आणि तराजू जाऊन इलेक्ट्रिकचा काटा आला तर त्या काट्यावर तर मुळीच नव्हता. धानोऱ्याच्या बाजारात व्यापाऱ्यानं तिचं मोहफुलांचं पोतं काट्यावर ठेवलं की ही आधी काट्याखाली वाकून बघायची. व्यापारी विचारायचा, "बाई, खाली का पाहून राह्यली?" ही म्हणायची, "तुले माहीत." लेक रिना चामोर्शीला द्यायची ठरली, तेव्हा ही बाई पाणी प्यायच्या निमित्तानं पाहुण्यांच्या चुलीपर्यंत गेली आणि राखेत बोट घालून आली, चूल रोज पेटते की आजच्यापुरतीच पेटवली आहे ते बघायला. आता अशा बाईला काय म्हणावं? गावानं म्हणायचं ते म्हणून झालं होतं. पण तिला फसवून गेलेला माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही, हेही खरं.

अशा बाईच्या वाट्याला नवरा आला लहानू. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटावा, मोहाखाली बसावं, हाक आली की हो म्हणावं, एवढाच त्याचा संसार. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं बायकोशी खोटं बोलायचा प्रयत्न एकदोनदा केलाही असेल, पण तो अर्ध्यातच सोडला. तरीही बायनाबाई त्याच्यावर डोळा ठेवून असायची. साधा माणूस जास्त सांभाळावा लागतो, कोणीही उचलून नेईल, असं तिचं म्हणणं. तोंडानं ती कधी बोलायची नाही, पण जीव होता तिचा त्याच्यावर, आणि तो जीव संशयाच्याच वाटेनं बाहेर यायचा. दुसरी वाट तिला कोणी दाखवली नव्हती.

त्यांच्या गावात मोहाची झाडं ज्याची त्याची ठरलेली. कागदावर नाही, रीतीनं. फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळायचा, जागा झाडून घ्यायची आणि बुंध्यावर चुन्याचं एक बोट ओढायचं. ते बोट दिसलं की दुसरा माणूस त्या झाडाखाली वाकत नाही. उपाशी असला तरी वाकत नाही. बायनाबाईचं झाड नाल्यापलीकडं होतं. पहाटे दोघं फुलं वेचायची, तिथंच वाळत घालायची. मग ती घरी यायची आणि लहानू शेळ्या-गुरांपासून फुलं राखत दुपारभर झाडाखाली पडून राहायचा.

यंदाच्या हंगामात कुठंतरी पाणी मुरतंय हे तिच्या ध्यानात आलं. लहानू उन्हं कलल्यावर घरी यायचा आणि जेवायला बसायचाच नाही.

"का जी, जेवत काऊन नाई?"

"पोट भरल्यासारखं वाटते."

"कायनं भरलं? हवेनं?"

"मले का माहीत. मी त झोपलो होतो."

ती पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ गेली. त्याच्या तोंडाला अंबाडीच्या भाजीचा वास होता, वर लसणाची फोडणी. बायनाबाईच्या मनात पाल चुकचुकली. कारण या घरात वर्षभर अंबाडी शिजली नव्हती. गेल्या साली लहानूनं शेजारच्या आशाबाईच्या अंबाडीची एकदा तारीफ केली होती. एकदाच. त्या दिवसापासून अंबाडी बंद.

आशाबाईचा नवरा देवाजी सूरजागडच्या खाणीकडं ट्रकवर. महिना महिना घरी नाही. आशाबाईच्या परसात अंबाडी, तोंडावर हसू आणि हसणंही असं की दोन घरं सोडून ऐकू जावं. बायनाबाईला आणखी काय पाहिजे होतं?

त्यातच सदरा शिवलेला निघाला. खिशापाशी बरेच दिवस फाटलं होतं. बायनाबाई रोज बघत होती आणि रोज उद्यावर टाकत होती. एके दिवशी लहानू झाडाखालून आला तो तिथं बारीक तिरपी शिलाई, गाठ आत दडवलेली. तिनं सदरा उजेडात धरला. शिलाई तिच्याच हातची होती. पण तिनं शिवलं नव्हतं. आणि ही शिलाई तिनं आयुष्यात एकाच बाईला शिकवली होती, बचत गटात असताना, आशाबाईला.

"हे कोनं शिवलं?"

लहानूनं मान वाकवून खिशाकडं पाहिलं. "तूच शिवलं असशीन."

"मी?"

"मंग कोन?" तो म्हणाला, आणि खर्रा घोटायला बसला.

बायनाबाईला दोन दिवस झोप आली नाही. नवऱ्याला खोटं बोलता येत नाही हे तिला माहीत होतं, आणि शिलाई तर डोळ्यांपुढं होती. मग तिनं ठरवलं, विचारायचं नाही, पकडायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाय न वाजवता नाल्यापलीकडं गेली. लहानू मोहाखाली सतरंजीवर उताणा झोपला होता, उशाशी पाण्याचा गडू, खर्रा आणि चुन्याची डबी. तिनं डबी उघडली, बोट भरलं आणि झाडावर ओढतात तसं त्याच्या कपाळावर ओढलं. तिचा हिशेब साधा होता. जी कोणी येईल ती काय त्याला असा पांढऱ्या कपाळानं बसू देईल? पदरानं पुसेल. मग ज्या पदराला चुना, ती बाई चोर.

बोट टेकवताना सासूची आठवण झाली नाही असं नाही. सासू सांगायची, झोपलेल्या माणसाच्या तोंडाला काही लावू नये. जीव फिरायला गेलेला असतो, परत आल्यावर आपलं माणूस ओळखत नाही. पण बायनाबाई दर रविवारी विहारात जाणारी बाई. असल्या गोष्टी आपल्यात मानत नाहीत, असं ती सासूला तोंडावर सांगायची. तिनं बोट पुसलं आणि करवंदीच्या जाळीमागं जाऊन बसली.

कोणी आलं नाही. ऊन तापलं, माश्या घोंगावू लागल्या. बसून बसून तिचं डोकं फिरलं. आपण इथं दडून बसलो आहोत हे त्या भवानीला कळलंच असणार. मग सरळ तिच्या दारातच जावं, चार बाया गोळा कराव्यात आणि होऊन जाऊ द्यावं एकदाचं. ती उठली, पदर खोचला आणि निघाली. नाल्यापर्यंत गेलीही. तिथं तिला दुसरा संशय आला. आपण या वाटेनं गेलो आणि ती त्या वाटेनं आली तर? चुना पुसून, पदर धुऊन मोकळी. ती तशीच मागं फिरली.

लहानू होता तसाच पडून होता. कपाळावरचा चुना वाळून गेला होता. कोणी पुसला नव्हता. आणि त्याच्या ओठांवर माशी बसली होती, ती तो हाकलत नव्हता.

"अवो." तिनं खांदा हलवला. "उठा ना जी."

तो उठला नाही. प्यालाय की काय म्हणून तिनं तोंडाचा वास घेतला. दारूचा नव्हता. श्वास होता, पण विझत्या चुलीतल्या धुरासारखा, आहे की नाही असा. तिनं गाल थोपटले, कान ओढले, चिमटे काढले. गाव लांब, रानात चिटपाखरू नाही, फोनला रेंज नाही. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडत बसली. पहाटेपासून उठलेली, दोन दिवसांची जागी. रडता रडताच तिचा डोळा लागला.

डोळा लागला तरी ती मोहाखालीच होती. पण मांडीवर डोकं नव्हतं. झाडाखालची जागा झाडलेली नव्हती, फुलं पाल्यात पडून सडली होती आणि बुंध्यावर चुन्याचं बोट नव्हतं. माहं झाड असं कोणी टाकलं, या विचारानं तिला आधी रागच आला. बघा, तिथंही. मग ती घराकडं धावली.

घर तेच होतं. अंगणात लहानू पाटावर बसला होता आणि त्याच्यापुढं ताटलीत कण्या आणि अंबाडीची भाजी. बायनाबाईनं मनात म्हटलं, सापडली. इतक्यात दारातून गडू घेऊन बाई बाहेर आली. ती आशा नव्हती. ती बायनाबाईच होती. तोच चेहरा, तोच गालावरचा तीळ, फक्त हातात काचेची बांगडी नाही आणि डोळे खोल गेलेले.

लहानूनं धावत आलेल्या बायनाबाईकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर घाबरलेल्या पोरासारखा भाव होता.

"बायना, मी दोनदा जाऊन आलो झाडाखाली. तिथी कोनी दुसराच झोपून हाये. त्याच्या कपायावर चुन्याचं बोट हाये. दुसऱ्याची खूण असंल त हात कसा लावाव?"

बायनाबाईनं स्वतःच्या हातानं नवऱ्यावर खूण केली होती, आणि लहानू असा माणूस की दुसऱ्याच्या खुणेला हात लावायचा नाही. मेला तरी लावायचा नाही.

"तू कोन व्हस?" तिनं त्या बाईला विचारलं. "माहं माणूस इथी काऊन आणलं?"

"मी आणलं नाई. तोच येते झोपला की. भुकेला येते." त्या बाईचा आवाज थकलेला होता. "मी वाढतो. फाटलं दिसलं त शिवतो. बस, येवढंच."

"आन तुहा नवरा?"

त्या बाईनं गडू लहानूपुढं ठेवला. मग म्हणाली, "गेल्या साली अंबाडीवरून तुह्या मनात काय आलं होतं? याच्या कपायावर चुना लावाव, न कोन पुसते ते पाहाव. आलं होतं ना?"

आलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ऐनवेळी लहानूला खोकला आला आणि तो जागा झाला, म्हणून राहिलं.

"माह्यावाला खोकलला नाई," ती बाई म्हणाली. "मी बोट लावलं, न आशाच्या दारात भांडायले गेली. तिचे केस धरले. चार बाया जमवल्या. वापस आली तवा झाडाखाली माणसं जमली होती. हार्ट अटॅक म्हणाले. अंग कोमट होतं वो त्याचं. पण मी काई बोलली नाई. चुना कोनं लावला हे विचारतीन म्हणून बोलली नाई. तसाच नेला, चुन्यासंग."

तिनं हात पुढं केला. उजव्या हाताचं पहिलं बोट पांढरं होतं, घासून घासून सोललेलं, तरी पांढरं.

तरीही बायनाबाईच्या मनात आलंच, ही खोटं तर बोलत नाही? बोलण्यात गुंतवून ठेवते आणि तिकडं माझ्या माणसाचा श्वास सुटतो. हिला तो पाहिजेच आहे. एकटी आहे, वर्षभराची भुकेली आहे. तिच्या जागी मी असते तर सोडला असता का? तिनं स्वतःलाच विचारलं आणि उत्तर चांगलं आलं नाही.

त्या बाईनं ते तोंडावर वाचलं असावं. स्वतःचंच तोंड, वाचायला कितीसा वेळ?

"ने त्याले," ती म्हणाली. "कोरडं पुसू नको, पाण्यानं धू. अंगावरची सावली सरकायच्या आत. मी आता दार लावून घेतो, नाईतर माह्याच्यानं होणार नाई."

आणि तिनं खरंच दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. लहानूच्या ताटलीतली भाजी तशीच राहिली.

बायनाबाई जागी झाली तेव्हा लहानूचे पाय उन्हात आले होते. तिनं गडूतलं पाणी त्याच्या कपाळावर ओतलं, पदर भिजवला आणि पुसत राहिली. चुना निघाला, खाली कातडी लाल झाली होती, तरी ती पुसतच होती. लहानूच्या छातीत मोठा श्वास भरला. त्यानं डोळे उघडले, तिच्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिला.

"काऊन रडून राह्यली?"

"काई नाई."

"भूक लागली वो," लहानू म्हणाला.

त्या संध्याकाळी बायनाबाई आशाबाईच्या दारात गेली. आशाबाई दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. तिलाही माहीत होतं की ही बाई उगाच येत नाही.

"आज सूर्य कुठी उगवला, बायनाबाई?"

"अंबाडी दे थोडी," बायनाबाई म्हणाली. पुढं आणखी काही म्हणायचं होतं, ते जमलं नाही. आशाबाईनं जुडी दिली, हिनं घेतली. आशाबाईच्या पदराकडं मात्र एकदा पाहिलंच. सवय कुठं जाते?

लहानू त्या रात्री ताटली पुसून जेवला. कपाळावरचा लाल डाग आठवडाभर राहिला. कोणी विचारलं की तो म्हणायचा, मुंगी चावली असंल.

त्याच आठवड्यात करवंदीच्या काट्यात त्याची बाही फाटली, चांगली वीतभर. बायनाबाईनं सुईत दोरा ओवला, सदरा मांडीवर घेतला आणि थोडा वेळ तशीच बसली. मग दोरा काढून गुंडाळून ठेवला. दुपारी लहानू झोपायला निघाला तेव्हा तिनं त्याला तोच सदरा घालायला लावला आणि झोपल्यावर फाटकी बाही वरच्या बाजूला करून ठेवली, नीट दिसेल अशी. जाताना त्या दुसरीला ऐकू जावं अशी म्हणाली, "भाजी आता म्या आणली हाये, ते राहू दे. येवढं शिव."

लहानू संध्याकाळी आला तो भुकेला. बाही फाटकीच. दुसऱ्या दिवशीही तसंच. मोहफुलं सरेपर्यंत ती रोज बाही वर करून ठेवायची आणि रोज उजेडात धरून बघायची. एक टाकाही पडला नाही.

सदरा अजून घरात आहे. लहानू म्हणतो, शिवून दे ना, घालायच्या कामी येईल. बायनाबाई सदरा हातात घेते, फाटक्या जागेवरून बोट फिरवते आणि परत खुंटीला लावते.

"माह्यासाठी नाई ठेवलं ते," ती म्हणते.