भट्टीतली दाढ

आत्याच्या दाढेत बसवायचा तुकडा मला भट्टीच्या काचेतून दिसत होता, जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा. तिची दाढ आधी दोनदा भरली होती आणि दोन्ही वेळा भरण निघून आलं होतं. हेही टिकलं नाही तर दाढ काढावीच लागणार होती. म्हणून या वेळी मी भरण तोंडाबाहेर घडवलं, निळ्या प्रकाशात घट्ट केलं आणि दवाखान्यातल्या छोट्या भट्टीत ठेवलं.

खुर्चीतून आत्या म्हणाली, "दाढ माझी आणि भाजतेस तू! मीठ तरी लावलंस का गं, डॉक्टरीणबाई?"

प्रकाशाने हे साहित्य घट्ट होतं, पण आत काही कण सुटेच राहतात. उष्णता मिळाली की ते हलतात आणि एकमेकांना धरतात. काचेकडे बघताना मला आत्याचं स्वयंपाकघर आठवलं. तिच्याकडे राहूनच मी शाळा-कॉलेज शिकले. वर्गात कळलेलं मी चुलीपाशी तिला मोठ्याने सांगायचे, आणि "मग पुढं काय होतं?" असं ती विचारायची तेव्हा कुठे ते पक्कं व्हायचं. आमच्या घरातली पहिली पदवी अशी दोन ठिकाणी घडली.

तुकडा निवला. मी तो दाढेत चिकटवला.

पंधरा दिवसांनी आत्या आली ती मूठभर फुटाणे घेऊनच. त्याच बाजूने तिने एक फोडला. तिने जीभ फिरवून पाहिली, दुसरा फोडला, आणि बाहेर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हलत नाही गं, पोरी! पुढच्या खेपेला ऊस आणते!"