साहेबांच्या भाषणात वाजलेला फोन

मैत्रिणींनो, आज माझा सत्कार झाला. हसू नका.

नवरा सैन्यात आहे, सध्या सीमेवर. चार दिवस त्याचा फोन नाही. तरी मी रोज सांगलीत हळदीच्या पेढीवर कामाला जाते, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या बघते, पोरीचा अभ्यास घेते. आंघोळीला गेले तरी पोरीला फोन घेऊन दाराबाहेर बसवते.

आज गावात जवानांच्या बायकांचा सत्कार होता, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अकराला बोलावलं, भाषणाला येणारे आमदारसाहेब उगवले दीडला. तोवर आयोजक आम्हालाच म्हणतोय, “वैनी, पाव्हण्यांच्या चहाचं तेवढं बघा की.” ठेवणीतल्या साड्या नेसून आम्ही आमच्याच सत्काराला चाळीस कप चहा केला.

मग साहेब आमच्या त्यागावर बोलायला उभे राहिले. शत्रूला घरात घुसून मारणार म्हणे. स्टेज चढताना दोघांनी हात धरला होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्याचाच होता. मी उठले, तर आयोजक पळत आला. “आवं वैनी, बंद करा त्यो! सायेब बोलाय लागल्यात!” आणि माझ्या हातातून घेऊन त्यानंच कट केला.

त्या नंबरवर आपल्याला परत फोन लावता येत नाही.

घरी आले. सत्काराचा नारळ फोडून चटणी वाटत होते, तर पोरगी विचारतीय, “मम्मी, पप्पांचा फोन आलता?”

साहेबांचं भाषण कुणी रेकॉर्ड केलंय का? असेल तर पाठवा. पोरीला तेवढंच ऐकवते.