दोन नाकांचा राजा

जगातल्या कुठल्याही निर्दोष वस्तूवर आमच्या हिच्या मामांचा काडीचाही विश्वास नाही. सगळे हापूस एकाच आकाराचे निघाले की ते मस्कतमधल्या रुवीच्या फळवाल्याकडे पोलिसी नजरेने पाहतात. आमच्या लेकीला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले, तेव्हा पेपर कोणी तपासला याची त्यांनी आधी चौकशी केली. मी हिला पाहायला गेलो तेव्हा सगळ्या प्रश्नांची धड उत्तरं देत होतो, म्हणून मामा अस्वस्थ. "मुलगा काहीतरी लपवतोय," असं त्यांनी आत जाऊन सांगितलंही म्हणे. शेवटी माझ्या हातून पोह्यांची बशी मांडीवर उपडी झाली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "असली आहे. करून टाका," हा त्यांचा निकाल. माझं लग्न त्या बशीमुळे ठरलं, असं मी आजही मानतो.

मामा मस्कतला पाइपांच्या एका कंपनीत तपासनीस आहेत. केसाएवढी चीर दिसली की अख्खा पाइप बाद. दिवसभर चुकांना हाकलणारा हा माणूस दार्सैतच्या घरी आला की चुकांचीच पूजा मांडतो. त्यांना नाद आहे मध्ययुगातल्या इंग्रजी चांदीच्या नाण्यांचा, आणि त्यातही बिघडलेल्या. त्या काळी खालचा ठसा ठोकळ्यात पक्का रोवायचा, त्यावर चांदीची चकती ठेवायची, तिच्यावर दुसरा ठसा हाताने धरायचा आणि हातोडा हाणायचा. चकती नीट मधोमध ठेवली नाही तर राजाचा मुकुट नाण्याबाहेर. दोन घावांच्या मध्ये चकती सरकली तर राजाला दोन नाकं. आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्या नाण्याला दोन्हीकडे राजाच, एकीकडे उठावाचा आणि दुसरीकडे खड्ड्यातला. हे सगळं मला पाठ आहे, कारण त्यांच्याकडे जेवायला गेलं की बडीशेपेबरोबर हा तासही असतो. त्याआधी बाह्या कोपरापर्यंत दुमडाव्या लागतात. "तुमच्यावर संशय नाही हो, जावईबापू, बाहीवर आहे," असं ते म्हणतात.

एकदा आमच्या लेकीने विचारलं, "मामाआजोबा, या किंगला टू नोजेस का आहेत?"

"हातोडेवाल्याला शिंक आली असेल, बाळा. म्हणून तर ते खरं."

हे दोन नाकांचं नाणं मामींनी दिलेलं. नवऱ्याच्या पन्नाशीला त्यांनी ते मत्र्याच्या बाजारातून, जुन्या चांदीच्या दुकानातून एकट्याने जाऊन आणलं. "बिघडलेलं आहे, म्हटलं तुम्हाला आवडेल," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या. मामा प्रत्येक नाणं भिंगाखाली घालतात, काट्यावर चढवतात, चार माणसांना विचारतात आणि चौघांवरही विश्वास ठेवत नाहीत. हे एक नाणं मात्र त्यांनी कधीच तोललं नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, तशी माझ्याही डोक्यात शंका वळवळायची. पर्यटकांच्या बाजारात इतकं जुनं नाणं इतक्या सहज कसं मिळालं? पण ते खोटं निघालं तर मामा आतून मोडतील, या धास्तीने मी तोंडाला कुलूप घातलं होतं.

गेल्या हिवाळ्यात मला ऑफिसच्या कामाने इब्राला जायचं होतं. मामाही रजा टाकून बरोबर आले. काम आटोपून आम्ही तिथल्या बाजारात जुन्या चांदीच्या दुकानात शिरलो. म्हाताऱ्या दुकानदाराने नाण्यांचं ताट पुढे सरकवलं. "देखो सदीक, सब पुराना," तो अरबीत 'दोस्त' अशी हाक मारत म्हणाला. मी सहज एक उचललं. राजाला दोन नाकं होती. डाव्या कडेला मामींच्या नाण्यावरचाच टवका आणि हनुवटीखाली तीच चीर. हातोड्याची चूक एकदाच होते, हे मामांनीच मला शिकवलेलं. तीच चूक दोन नाण्यांवर दिसली, की समजायचं साच्यातून ओतलेला माल आहे. मी ते पटकन बाकीच्या नाण्यांखाली सारलं. पण पाइपावरची चीर चार हातांवरून टिपणाऱ्या माणसापासून मी काय लपवणार?

मामांनी ते पुन्हा वर काढलं. भिंगासाठी त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. बराच वेळ ते नुसत्या डोळ्यांनी पाहत राहिले.

"जावईबापू, आपल्यासारखंच वाटतंय का हो?"

"छे! आपल्याचं नाक वेगळं आहे."

"नीट पाहिलंत?"

"नीट पाहिलं, मामा."

"मग खलास. चला, उशीर होतोय," असं म्हणून त्यांनी नाणं अलगद ताटात ठेवलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी पेट्रोल पंपाच्या काट्यावर शंका घेतली नाही, की चहात दूध कसलं हेही विचारलं नाही. मस्कतजवळच्या अमेरातचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुमच्या मामींना बाजारातलं काही कळायचं नाही हो. उन्हातून किती दुकानं फिरली असेल बिचारी." मी मान हलवली. इतक्या वर्षांत मामांनी माझ्या शब्दावर पहिल्यांदाच विश्वास ठेवला, आणि नेमका तोच शब्द खोटा होता. तो विश्वास त्यांनी खरंच ठेवला का, हे विचारायचा मला अजून धीर होत नाही.