सेतुरावांची जोड आणि अक्काच्या बाहुल्या

सेतुरावांना कोणी विचारलं, "रायरे, तुमचा धंदा काय?" तर सरळ उत्तर कधी मिळायचं नाही. आधी ते उपरणं झटकायचे, मग घसा, आणि मग म्हणायचे, "तसं पाहिलं तर, भोकं पाडण्याचा." एवढं बोलून समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. तो हसला की स्वारी खूश. नाही हसला, तर पुन्हा उपरणं, पुन्हा घसा, पुन्हा तेच वाक्य.

पण खोटं काहीच नव्हतं. कुंभकोणातले रेशमी लुगड्यांचे विणकर काठावर हंस, मोर, हत्ती काढत, ते हाताने नव्हे. मागाच्या वर एक जॅकार्डची पेटी बसवलेली असे आणि तिच्यातून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असे. एका आडव्या धाग्याला एक पट्टी. पट्टीत भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जाई, भोक नसेल तिथला खालीच राही. भोकांचा हिशेब बरोबर असला की हंस उतरे. तो हिशेब सेतुरावांचा. चौकडीच्या मोठ्या कागदावर ते नक्षी रंगवत, मग एकेक घर बघून पट्टी टोचत. दुपारभर त्यांच्या ओसरीवरून टक, टक, टक असा आवाज येई. तो थांबला की शेजारच्या बायका म्हणत, "रायरांची कॉफी झाली."

त्यांचे आजोबा तंजावरच्या राजवाड्यात हत्तींच्या झुली सांभाळायचे. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. सेतुराव कांचीपुरमला जाऊन हे काम शिकून आले. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. थोरली बहीण भवानीअक्का नवऱ्यामागं माहेरी आली, आणि दोन खोल्या, एक ओसरी, एक माळा एवढ्या घरात दोघं भावंडं राहू लागली. बाहेर तमिळ, आत मराठी; बाहेरचे लोक त्यांना रायर म्हणत, तिकडे मराठी माणसाला म्हणतात तसं. आतली मराठीसुद्धा आजोबांनी ठेवली होती तश्शी, एकही टिंब न हरवलेली.

पट्ट्या टोचणारे इतरही होते. विणकर सेतुरावांकडे येत ते जोडीसाठी. प्रत्येक नक्षीच्या पट्ट्या ते दोनदा टोचत. एक संच विणकराला, दुसरा स्वतःच्या घरी. पट्ट्यांवर आकडे घालून, गठ्ठा बांधून, वर विणकराच्या नावाची चिठ्ठी. "पुठ्ठा आहे. उंदीर आहे, पाणी आहे, पोरं आहेत. तसं पाहिलं तर काहीही होईल. जोड माझ्या घरी." हे ते इतक्या संथपणे म्हणत, की विणकराला वाटे, आपलं लुगडं देवळाच्या खजिन्यातच ठेवलं.

खजिना म्हणजे तो माळा. आणि माळ्यावर भवानीअक्काच्या बाहुल्या होत्या.

नवरात्रात पायऱ्या मांडून त्यांवर मातीच्या बाहुल्या बसवायच्या, त्याला तिकडे कोलू म्हणतात. त्यात रीत अशी, की दरवर्षी निदान एक तरी नवी बाहुली आणायची. जुनी मात्र कुणाला द्यायची नाही, टाकायची तर नाहीच. अक्काकडे आईच्या बाहुल्या होत्या, स्वतःच्या होत्या. तिरुविडैमरुदूरची मावशी वारली, तिच्याही आल्या. बैलगाडीतून, गवतात बसून, मावशीपेक्षा जास्त मानानं. दसरा झाला की एक बाहुली आडवी करून सगळ्यांना निजवायचं, गुंडाळून लाकडी पेट्यांत भरायचं, आणि पेट्या माळ्यावर.

ते काम अक्का स्वतः करी. शिडीवर चढे, अर्धी माळ्यात शिरे, आणि आतून तिचा आवाज येई.

"सेतू! जागा नाहीं!"

"होईल, होईल," सेतुराव खालून म्हणत. टक, टक.

"कोठें होईल? तुझे गठ्ठे आहेत येथें!"

"सरकव."

"कोठें सरकवूं? कौलांतून बाहेर?"

"होईल, अक्का."

दरवर्षी हेच, ह्याच चालीवर. गल्लीतल्या पोरांना ते पाठ होतं. कोलूची आरती झाली, प्रसाद झाला की ती पोरंच आधी ओरडत, "जागा नाहीं!" सेतुरावांच्या कानाला तो दसऱ्याचाच एक आवाज झाला होता. आपट्याची पानं, उसळीचा वास, आणि जागा नाहीं.

जोड मागायला मात्र कधी कोणी आलंच नव्हतं. १९५६च्या तै महिन्यात, पोंगल, म्हणजे तिकडची संक्रांत, होऊन थोडे दिवस झाले होते तेव्हा, पहिल्यांदा आला तो कृष्णस्वामी.

कृष्णस्वामी विणकर बोलायचा तो धोट्यासारखा. एकदा इकडून जायचा, एकदा तिकडून परत यायचा. "गेलं रायरे, गेलं. खाल्लं गायीनं, गायीनं खाल्लं."

"काय खाल्लं?"

"पट्ट्या, रायरे. हंसाच्या. माग खिडकीशी, खिडकीशी माग. मी जेवायला उठलो, तिनं मान घातली. निम्म्या खाल्ल्या, निम्म्या शेणात. शेणात निम्म्या!"

"गाय कोणाची?"

"माझीच की! माझीच!"

ह्यावर सेतुराव हसणार होते, पण कृष्णस्वामीचं तोंड पाहून थांबले. मागावर जे लुगडं होतं ते गिऱ्हाइकाचं नव्हतं. त्याच्या मुलीचं, पंकजाचं, मुहूर्ताचं लुगडं होतं ते. आजवर दुसऱ्यांच्या मुलींना नेसवलं, हे पहिलं घरचं. अर्धं विणून झालं होतं, लग्न त्याच महिन्यात होतं.

"घाबरू नको," सेतुराव म्हणाले. उपरणं झटकलं. "जोड माझ्या घरी."

ह्या दिवसासाठीच तर सगळा खटाटोप होता. शिडी लावून त्यांनी गठ्ठा काढला. वर चिठ्ठी, खाली गाठ, सगळं जसंच्या तसं. कृष्णस्वामीच्या घरी जाऊन स्वतः बसून पट्ट्या ओवल्या. आकडे वाचले नाहीत. आपणच लावलेल्या पट्ट्या, वाचायच्या कशाला? माळ पेटीवर चढली, कृष्णस्वामीनं पाय दाबला, धोटा पळू लागला, पेटी खडखडू लागली. हंसाचे पाय आले. पोट आलं. पंख आले.

मग एकदम चोच आली.

दोघांनी वाकून पाहिलं. हंसाला मान नव्हती. डोकं थेट पाठीवर बसलेलं.

"रायरे," कृष्णस्वामी हळू म्हणाला, "हे कासव आहे. कासव आहे हे."

"थांब."

"मुलीला कासव नेसवू? नेसवू कासव?"

"थांब म्हणतो ना. पेटीत काहीतरी अडकलं असेल."

असं म्हणणं सोपं होतं, कारण पेटी कृष्णस्वामीची होती. सेतुराव मागाच्या खड्ड्यात उतरले, वर चढले, धागे उचलणारा एकेक हुक वरखाली करून पाहिला, सुयांत तेल सोडलं. पुन्हा हंस विणला. पुन्हा कासव. कृष्णस्वामीनं जरीचे धागे एकेक करून उसवले.

सेतुराव कापडाजवळ नाक नेऊन बसले. पेटीचा हुक बिघडला, तर एकच उभा धागा रुसेल. मग खोट लांबीनं जाईल, सगळ्या हंसांतून एक रेघ ओढल्यासारखी. इथं तसं नव्हतं. पाय स्वच्छ, पंख स्वच्छ, चोच स्वच्छ. खोट आडवी होती, आणि दोन्ही वेळा त्याच जागी. म्हणजे मागाचा दोष नाही. म्हणजे पट्ट्या.

आता त्यांनी आकडे वाचले. एकेक पट्टी पुढं सरकवत, ओठ हलवत. मधेच ओठ थांबले. एका पट्टीनंतर आकडा उडी मारून पार पलीकडे गेला होता. मधली सगळी मान गठ्ठ्यातच नव्हती.

"कृष्णस्वामी," ते म्हणाले, "पेटी ठीक आहे तुझी." उपरणं झटकायला हात गेला आणि तसाच राहिला.

दोघं घरी आले. अक्का तांदूळ निवडत होती.

"अक्का, माझा हंसाचा गठ्ठा कोणीं सोडला होता?"

"मी," अक्का म्हणाली. सूप थांबलं नाही. "तुळई आणि पेटी ह्यांच्यामध्यें शिरेना. जाड होता. मधल्या काढल्या, मग शिरला."

"मधल्या? मधल्या कां?"

"वरती चिठ्ठी, खालीं गांठ. त्या कशा काढायच्या? शोभा जाईल."

"अक्का! मला सांगायचें तरी!"

आता मात्र सूप थांबलं. "सांगायचें? सेतू, मी वर्षानुवर्षें शिडीवरून ओरडतें, जागा नाहीं, जागा नाहीं. गल्लींतलीं पोरें ऐकतात. मारुतीच्या देवळांतला पुजारी ऐकतो. तूं काय म्हणतोस?"

सेतुरावांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"काय म्हणतोस, तें सांग ह्या कृष्णस्वामीला."

"होईल, होईल," सेतुराव पुटपुटले.

"आणि ते गठ्ठे तूं कधीं खालीं काढलेस? एकदां तरी? मज वाटलें, माझा कोलू तसा तुझा. ठेवायचा म्हणून ठेवायचा."

कृष्णस्वामीला त्यांची मराठी कळत नव्हती, पण कोण हरलं ते कळलं. त्यानं हळूच तमिळमध्ये विचारलं, "नवीन टोचता येतील? येतील टोचता?"

टोचायला नक्षीचा कागद हवा. तो पलंगाच्या चादरीएवढा. दोन्ही संच झाल्यावर तो ठेवायला जागा नाही, म्हणून अक्का त्यावर उन्हात तांदळाचे वडाम, कुरडयांसारखे, वाळत घालायची. हंस केव्हाच पिठाच्या खिरीत विरघळला होता. विणलेल्या कापडावरून धागे मोजून नवा कागद करता आला असता, पण तोवर पंकजाचं लग्न होऊन ती सासरी गेली असती.

"काढलेल्या पट्ट्या कुठें टाकल्यास?"

"टाकीन कां? चांगला पुठ्ठा. बाहुल्यांच्या मानेला गुंडाळल्या. गवत संपलें होतें, आणि मातीच्या बाहुलीची मान आधीं मोडते. भोकें आहेत, वाराही लागतो."

म्हणजे हंसाची मान बाहुल्यांच्या मानेला होती. सेतुराव शिडीकडे वळले.

"थांब!" अक्का उभी राहिली. "दसऱ्याला निजवल्या आहेत. आतां भाद्रपदाच्या अमावास्येपर्यंत उठवायच्या नाहींत. तै महिन्यांत कोणी कोलू उघडतें? आईनें कधीं उघडला?"

"अक्का, मातीच्या आहेत त्या."

हे बोलायला नको होतं. अक्का शिडीच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसली. तिथं बसली म्हणजे माळा बंद.

सेतुरावांनी कृष्णस्वामीला तमिळमध्ये अडचण सांगितली. शेवटी कृष्णस्वामीच म्हणाला, "अम्मा, पंकजाचं लुगडं आहे. आमची पंकजा. पंकजा आमची."

"कोण? ती, दर कोलूला येऊन गाणें म्हणते ती? सूर सोडून?" सेतुरावांनी हे तमिळमध्ये विचारलं.

"तीच अम्मा. सूर सोडून तीच."

अक्कानं पदर सावरला. विचार केला. मग तमिळमध्ये, अगदी सरकारी सुरात विचारलं, "लग्नाचं पहिलं बोलावणं कुणाला केलं?"

"देवाला, अम्मा. देवाला पहिलं."

"माझ्या माळ्यावर राम आहे, सीता आहे, दशावतार आहेत. त्यांना केलं?"

कृष्णस्वामीनं सेतुरावांकडे पाहिलं. सेतुरावांनी छताकडे.

"लग्नघरचं बोलावणं आलं, तर निजलेल्यानं उठावं लागतं," अक्का म्हणाली. "उगाच कोणी उठवलं तर ते वेगळं. जा, रीतीनं बोलावणं घेऊन ये."

कृष्णस्वामी धावत गेला आणि बायकोला घेऊन आला. ताटात हळदीच्या अक्षता, कुंकू, विडे. अक्कानं पेट्या खाली उतरवून घेतल्या, आणि कृष्णस्वामीनं बंद पेट्यांपुढं हात जोडून सांगितलं, की अमुक दिवशी, अमुक मुहूर्तावर माझ्या मुलीचं लग्न आहे, सहकुटुंब यावं, यावं सहकुटुंब.

"आतां उघड," अक्का म्हणाली.

मग ओसरीवर राम बाहेर आला, मानेला पुठ्ठा. सीतेला पुठ्ठा. वामनाला दुहेरी. कृष्णस्वामीची बायको पट्ट्या सोडत होती, सेतुराव आकडे वाचून लावत होते, आणि अक्का प्रत्येक बाहुलीला म्हणत होती, "झालें हो, परत निजा." शेवटी एकच पट्टी कमी भरली. ती किराणा दुकानवाल्या चेट्टियाराच्या हातात सापडली. अक्कानं कापून त्याला पंखा करून दिला होता.

"त्याला उकडतें," ती म्हणाली. ह्या खेपेस तिचा आवाज जरा खाली होता.

एक पट्टी म्हणजे काही नाही. आधीची आणि नंतरची शेजारी ठेवून सेतुरावांनी मधली टोचली. मान खालून वर वळत जाते, एका घराचा फरक. संध्याकाळच्या आत माळ पुन्हा मागावर चढली. पाय आले, पोट आलं, पंख आले, आणि मग हळूहळू, धाग्याधाग्यानं, मान आली. चोच आली तेव्हा कृष्णस्वामी एकदाच म्हणाला, "हंस." दुसऱ्यांदा म्हणाला नाही.

लुगडं वेळेवर उतरलं. लग्नात अक्का मागच्या रांगेत बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत राम आणि सीता होते. बोलावणं घेतलं की जावं लागतं.

त्यानंतरच्या आठवड्यात सेतुरावांनी माळ्यावरचे सगळे गठ्ठे खाली काढून सोडले. बरेचसे पुरे होते. एका मोराला पिसारा नव्हता, एका हत्तीला मागचे पाय नव्हते. ते बाहुल्यांकडे न मिळाल्यानं विणकरांच्या संचावरून पुन्हा टोचले. बरेच दिवस टक, टक चालू राहिलं आणि कॉफी थंड होत राहिली. विणकरांना त्यांनी स्वतः जाऊन आपली चूक सांगितली. "तसं पाहिलं तर" न लावता.

पुढच्या नवरात्रात कृष्णस्वामी जोडप्यानं आला. उपकार फेडायचे म्हणून अक्काला एक बाहुली आणली होती. हंस. पांढराशुभ्र, गुडघ्याएवढा, आणि मान अशी लांब की कुठल्याच पेटीत बसू नये. अक्कानं त्याला सगळ्यांत वरच्या पायरीवर बसवलं आणि येईल त्याला दाखवलं.

दसरा झाला. शिडी लागली. अक्का अर्धी माळ्यात शिरली. गल्लीतली पोरं आधीच दारात जमली होती.

"सेतू! जागा नाहीं!"

"होई..." सेतुराव म्हणाले.

टक थांबलं. त्यांनी टोचणी खाली ठेवली, उपरणं खुंटीला लावलं, आणि शिडीपाशी येऊन म्हणाले, "उतर, अक्का. मी वर येतों. दाखव मला."