शेवटच्या बॅचचा स्पीड

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी नेट सांभाळत होतो. अभ्यासिकेत पोरं मोबाइलवर लेक्चर बघायची. सगळ्यांचं वायफाय माझ्याकडच्या एका लिनक्स कॉम्प्युटरमधून जायचं आणि कुणाला किती स्पीड द्यायचा ते तिथं ठरायचं. दर रविवारी परीक्षा व्हायची, सोमवारी मार्कांप्रमाणे बॅच बदलायची. संचालक म्हणाले, "पहिल्या बॅचचं लेक्चर अडकायला नाही पाहिजे. बाकीच्यांचं बघून घ्या."

मी बघून घेतलं. निकालाची यादी वाचून मशीन आपोआप स्पीड वाटेल, अशी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. वर चढला त्याला जास्त, खाली घसरला त्याला कमी. हुशारी दाखवायची खाज होती मला, दुसरं काय.

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो, तेव्हा टँकरचं पाणी घरटी दोन घागरी मिळायचं. तिथं कुणी मार्क विचारले नव्हते. स्क्रिप्ट लिहिताना हे आठवलं नाही, याचा अजून संताप येतो.

लातूरजवळच्या मुरुडची एक पोरगी तीन आठवडे शेवटच्या बॅचमध्येच होती. एक दिवस माझ्या टेबलापाशी आली. "सर, लेक्चर लई अडकून राहिलंय. जरा समजायला लागलं की थांबतंय."

मला स्क्रिप्टमधला फक्त एक आकडा बदलायचा होता, तिचं लेक्चर सुरळीत चाललं असतं. मागं काचेच्या केबिनमध्ये संचालक बसले होते. मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालो, "तुझ्या मोबाइलमध्येच प्रॉब्लेम असेल."

पुढच्या सोमवारी तिचे वडील मुरुडहून नवा मोबाइल घेऊन आले.