कागदी बॅजरचं डोकं

“मॉडेल तयारच आहे ना? मग फक्त प्रिंट मारायची,” गॅरेथ म्हणाला आणि मीटिंग संपली असं समजून उठला.

गॅरेथ आमचा प्रोड्युसर. इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्समधल्या एका छोट्या गेम स्टुडिओत मी थ्रीडी आर्टिस्ट आहे. आमच्या नव्या गेमचा हीरो म्हणजे सर बार्नबी, चिलखत घातलेला एक बॅजर. बॅजर हा इथला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा, बिळात राहणारा प्राणी. गेमच्या लाँचला शॉपिंग सेंटरमध्ये मुलांना कागदाचा बार्नबी बनवायला द्यायचा, असं मार्केटिंगनं ठरवलं होतं. पैसे लावणाऱ्या पब्लिशर कंपनीच्या हेलनबाई तो बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तरच पुढचा गेम. पुढचा गेम नसेल तर स्टुडिओ नाही, आणि स्टुडिओ नसेल तर माझा व्हिसाही नाही.

प्रिंट मारून भागत नाही, हे मी गॅरेथला लिफ्टपर्यंत चालत सांगितलं. गेममधलं मॉडेल हजारो बारीक त्रिकोणांचं असतं. कागदावर त्यातल्या प्रत्येक त्रिकोणाला घडी घालावी लागेल. शिवाय गेममध्ये लबाडी चालते. बार्नबी तलवार पकडत नाही, ती त्याच्या पंजातून आरपार गेलेली असते. त्याच्या मिशा चिलखतात घुसतात. स्क्रीनवर कोणाच्या लक्षात येत नाही. कागद मात्र कागदातून जात नाही.

“यू आर द एक्स्पर्ट,” गॅरेथ म्हणाला. हे तो पुढचं ऐकून घ्यायचं नसलं की म्हणतो.

मग मी बार्नबी नव्यानं घडवला. त्रिकोण कमी केले. गाल चपटे केले, कारण कागद एका वेळी एकाच दिशेनं वाकतो. मिशा पार काढून टाकल्या. नंतर मॉडेल उलगडलं. मिठाईचा खोका कडेनं सोडवून सपाट करतो ना, तसंच. चिकटवायच्या पट्ट्या जोडल्या. दोन पानं झाली, एकावर धड, दुसऱ्यावर डोकं. घरी ओट्याशेजारी बसून मी तो स्वतः बनवला. डोक्याची खालची कड चिलखताच्या गळ्यावर नीट टेकली. बार्नबी रुबाबात उभा राहिला.

फाइल मार्केटिंगच्या तेजसकडे गेली. तेजस लंडनच्या पिनर भागातला, जन्म इथलाच. माझ्याशी हट्टानं मराठी बोलतो.

“ताई, डोक्याच्या पानावर जागा कमी होता. लोगो, वॉर्निंग, क्यूआर कोड, सगळं बसवायचं होती. मग मी डोकं थोडी छोटी केला.”

“आणि धड?”

“धडाच्या पानावर जागा होती ना.”

मी तडक गॅरेथकडे गेले. एकदा ही नवी पानं कापून, जोडून बघू या, म्हटलं.

“तू बनवून बघितलायस की.”

“ते वेगळं होतं.”

“डिझाइन लॉक झालंय. लोगो सोडून काही बदललेलं नाही. आणि पानं प्रिंटरकडे गेलीसुद्धा.”

लाँच शाळांच्या हाफ-टर्मच्या, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीत होतं, त्यामुळे टेबलं गच्च भरलेली. हेल्थ अँड सेफ्टीवाल्यांनी बोथट कात्र्या दिल्या होत्या, त्यांनी कागद कापला कमी आणि चुरगळला जास्त. स्टेजवर गॅरेथनं स्वतः बार्नबी जोडायला घेतला. हेलनबाई पहिल्या रांगेत. शेवटी त्यानं मोठ्या दिमाखात डोकं धडावर ठेवलं. ते सरळ आत पडलं. चिलखत उभं, बॅजर गायब.

गॅरेथ चिलखतात वाकून बघत राहिला. मी मनातल्या मनात परतीचं सामान बांधायला लागले.

तेवढ्यात पुढच्या टेबलावरच्या एका मुलीनं आपल्या बार्नबीत खालून पेन्सिल घातली. डोकं वर आलं. पेन्सिल काढली, डोकं आत. “हा घाबरलाय,” तिनं शेजारणीला समजावून सांगितलं. थोड्याच वेळात प्रत्येक टेबलावर बॅजर घाबरत होते आणि धीर करून बाहेर येत होते. मुलं उठायला तयार नव्हती. हेलनबाई डोळे पुसत हसत होत्या.

“हा गेममध्येपण असं करतो?” त्यांनी विचारलं.

“पुढच्या अपडेटमध्ये करेल,” गॅरेथ म्हणाला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

तेजस माझ्या कानाशी आला. “ताई, हे आपण प्लॅन केला होता?”

“नाही.”

“ओके. मी कोणाला नाही सांगणार.”

पुढचा गेम मिळाला. मी बार्नबीचं डोकं चिलखतातून आरपार आत नेणारं अ‍ॅनिमेशन केलं. गेममध्ये ते अर्थातच चालतं. गॅरेथनं सगळ्या स्टाफसमोर ‘पेपर-फर्स्ट डिझाइन’, म्हणजे आधी कागद, मग गेम, या विषयावर प्रेझेंटेशन दिलं. तेजस सीनियर झाला.

तुम्ही कधी असं काही छापणार असाल, तर सगळी पानं एकाच मापात छापा आणि शेवटची प्रत एकदा जोडून बघा. आमच्या ऑफिसात हे मी अजूनही सांगते. लोक शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, “पण मागच्या वेळी बघितलं असतं, तर?”