सिलोनचा नवरदेव आणि एकनाथ मास्तरचा बाजा

एकनाथ मास्तर मूळचा आमच्या उमरी भागातला. आमच्याकडं लग्नात वाजवणाऱ्याला मास्तर कोणी म्हणत न्हाई. वाजंत्री म्हणतात आन् जेवायला शेवटच्या पंगतीला बसवतात. हैद्राबादेत मात्र अंगात लाल कोट आन् हातात क्लॅरनेट असली की माणूस मास्तर होतो. ही गोष्ट एकनाथला मिसरूड फुटायच्या आतच कळली. बापाची सनई त्यानं घरी खुंटीवर ठेवली, हैद्राबादच्या काचीगुड्याची गाडी धरली, आन् गावाकडं परत गेला तो फक्त जत्रंला नायतर मयताला.

गौलीगुड्याच्या एका बोळात त्याचा बाजा होता. खालच्या खोलीत ढोल टांगलेले, वर मास्तर, त्याची बायको पद्मावती आन् पोरं. पद्मावती अंगानं दणकट, तोंडानं त्याहून दणकट. सकाळी रियाज सुरू झाला की वरून वरडायची, "अवो, ढोल तरी बदडा नायतर पोरगं तरी झोपवू द्या! एका घरात दोन्ही व्हायचं न्हाई!"

बाजात दहा जण. ट्रंपेटवाला बसप्पा रायचूरचा, कानडी. मोठा ढोल मल्लय्याच्या पोटावर. तो तेलंगी, चिक्कडपल्लीचा. छोटा ढोल चाँदमियाँकडं. बाकीचे असेच कुठकुठले. भांडण कोणत्याबी भाषेत सुरू व्हायचं आन् दखनीत मिटायचं, कारण दखनीतल्या शिव्या सगळ्यांनाच यायच्या. बसप्पाचा ट्रंपेट म्हंजे बाजाचा प्राण. तो एका लग्नाला आजारी होता तर नवरीच्या बापानं विचारलं, "मास्तर, वरात हाय का शाळा सुटली?"

ह्या बाजाचा एक नेम होता. तो आधी सांगतो, कारण पुढली सगळी फजिती त्यातूनच झाली. नवरदेव घोड्यावर हाय तवर बाजा बंद करायचा न्हाई. गाणं संपलं तर परत तेच धरायचं. नवरदेव वर आन् बाजा गप, म्हंजे अपशकुन. एकदा असं झालं तेव्हा नवरीच्या चुलत्यानं मल्लय्याचा ढोल फोडला होता. तेव्हापासून वाजवताना दहाही जणांचे डोळे नवरदेवाच्या पायांवर असायचे. पाय भुईला लागले की एका ठोक्यात बंद. ह्याबद्दल मास्तरच्या बाजाचं शहरात नाव होतं.

छप्पन साली दिवाळीच्या तोंडावर निजामाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे झाले. आमचा मराठवाडा मुंबईकडं गेला, कानडी मुलूख म्हैसूरकडं, तेलंगण आंध्राकडं. कारकुनांच्या बदल्या निघाल्या. मास्तरला लग्नाची सुपारी देणारी मराठी घरं सामान बांधायला लागली. रायचूरच्या मामाचा बसप्पाला निरोप आला: आता आपलं राज्य झालंय, परक्या मुलखात कामून फुंकायलास, इकडं ये.

मास्तर बसप्पाला म्हणाला, "जातोस?"

"मामा रोज माणूस पाठवायलाय. काय सांगू त्याला? लग्नं तर कमी झाली."

"आन् सरकारी काम लागलं तर?"

बसप्पा हसला. "सरकारी लागलं तर मामाच इकडं येईल की, मास्तर."

हे मास्तरनं धरून ठेवलं. बसप्पा गेला की बाजा गेला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसरा ट्रंपेट मिळतो, पण ह्याच्या श्वासावर दहा जणांचा श्वास बसलेला. तो काय बाजारात मिळत न्हाई.

आन् काम चालून आलं. त्या साली मेलबर्नला ऑलिंपिक झालं. तिथून घरी परतणारे सिलोन, ब्रह्मदेश, जपान आन् इराणचे काही पळणारे, उड्या मारणारे गडी वाटेत हैद्राबादेत थांबणार होते. आपल्या गड्यांबरोबर त्यांची दोन दिवस फत्तेमैदानावर चुरस ठरली. पहिल्याला सोन्याचं पदक, दुसऱ्याला चांदीचं, तिसऱ्याला काशाचं. पहिला ज्या देशाचा त्या देशाचा झेंडा वर आन् त्याचं राष्ट्रगीत. पण वाजवणार कोण? राज्याची वाटणी झाली तशी सरकारी बँडाचीबी झाली होती. म्हणे क्लॅरनेटं मुंबईला आन् ढोल इथं, असं काहीतरी.

कमिटीत प्रतापराव नावाचे साहेब होते. जुन्या शहरी घरातले, बाप-आजे दफ्तरात नोकरी केलेले. ते स्वतः बोळात आले. हातात ग्रामोफोन, बगलेत रेकॉर्डी.

"मास्तर, पाच देशांची पाच गीतं. नोटेशन वाचता येतं का?"

"न्हाई साहेब. रेकॉर्ड ऐकवा, बसवतो. सिनेमाची गाणी तशीच बसवतो."

"जमेल?"

"जमंल. पण चांगलं झालं तर पुढंबी आम्हालाच बोलवा. झेंड्याच्या दिवशी, परेडला."

"अगोदर हे तर होऊ द्या," प्रतापराव म्हणाले. पण न्हाई म्हणाले न्हाईत.

आठवडाभर बोळात पाच देश वाजले. जपानचं गीत सावकाश, तर मल्लय्याला झोप यायची. इराणचं त्याला आवडलं. चाँदमियाँ सिलोनच्या गीतात शेवटी एक तिहाई, म्हंजे तोच तुकडा तीनदा, मारायचा, ती मास्तरनं शिव्या देऊन काढली. प्रतापरावांनी येऊन एकेक ऐकलं, मान डोलावली, "तंतोतंत!" म्हणाले आन् गेले. गीत एकदाच वाजवून थांबायचं, हे त्यांनी सांगितलं न्हाई. सांगायचं काय त्यात? आन् थांबायचं कधी, हे मास्तरनं विचारलं न्हाई. वाजवणाऱ्यानं विचारायचं काय त्यात?

पहिल्या दिवशी शंभर मीटर झाली. सिलोनचा सडपातळ गडी पहिला, ब्रह्मदेशाचा दुसरा, आपला तिसरा. तीन पायऱ्यांचा लाकडी ओटा होता, त्यावर तिघं चढले. सिलोनवाला मधल्या उंच पायरीवर. गळ्यात पदक पडलं, दोरीवर झेंडा सरकायला लागला, सगळं मैदान उभं राहिलं आन् बाजानं गीत धरलं. काय वाजवलं! सिलोनवाल्याचे डोळे भरून आले म्हणतात.

गीत संपलं. दहा जणांनी सिलोनवाल्याच्या पायांकडं बघितलं. तो वरच. त्यांनी परत धरलं.

तो बिचारा ताठ उभा. गीत चालू असताना हलावं कसं? दुसऱ्यांदा संपलं. तो वरच. तिसऱ्यांदा धरलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. चाँदमियाँ वाजवता वाजवता म्हणाला, "मास्टर, दुल्हा उतरताच नई!"

"वाजव," मास्तर क्लॅरनेटच्या कडंनं म्हणाला. "लाजायला असंल."

लांबून प्रतापराव दोन्ही हात हालवायला लागले. वरातीत नवरदेवाचा मामा असे हात हालवतो ते जोरात वाजवा म्हणून. मल्लय्यानं ओळखलं आन् ढोलावर असा हात टाकला की कबुतरं उडाली. चौथ्या फेरीला ब्रह्मदेशाच्या गड्याला हसू आवरंना, तो खाली उतरला. आपल्या काशाच्या पदकवाल्यानं सिलोनवाल्याचा हात धरून त्यालाबी ओढलं. त्याचे पाय भुईला लागले आन् बाजा एका ठोक्यात बंद. इतका स्वच्छ बंद की मैदानानं टाळ्या वाजवल्या.

प्रतापराव धावत आले. "अहो मास्तर! राष्ट्रगीत आहे ते! एकदाच वाजवायचं असतं!"

"मग त्याला उतरायला सांगायचं का न्हाई साहेब?"

"गीत चालू असताना तो उतरणार कसा?"

"आन् तो वर असताना आम्ही थांबणार कसं?"

प्रतापरावांनी कपाळाला हात लावला. मग लहान लेकराला सांगावं तसं सांगितलं: एकदा वाजवा, थांबा, तो वर असो की खाली. मास्तर हौ म्हणाला. पण डोकं हौ म्हणतं आन् हात ऐकत न्हाईत. लांब उडीत ब्रह्मदेशाला सोनं मिळालं तेव्हा सहा जण थांबले आन् चार जण पायांकडं बघत वाजवत राहिले. पहिल्यापेक्षा वाईट. बसप्पा थांबलेल्यांत होता. मान खाली घालून उभा होता.

"उद्या ग्रामोफोन लावतो," प्रतापराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मास्तरला जास्त लागलं.

"साहेब, उद्याचं पहिलं एक वाजवू द्या. चुकलं तर लावा ग्रामोफोन, आम्ही आपले निघून जातो."

संध्याकाळी सगळे बोळात परत आले. बसप्पा ट्रंपेट पुसत म्हणाला, "मास्तर, परवाचं काचीगुड्याचं लग्न झालं की मी निघतो. मामाला सरकारी काम लागलं म्हून सांगणार होतो, आता काय सांगू?"

मास्तर वर जेवायला बसला. भाकर, अंबाड्याची भाजी. पद्मावतीला सगळं आधीच कळलं होतं. बोळातल्या प्रत्येकाला कळलं होतं.

"तुमचे डोळे भलत्याच माणसावर हायेत," ती भाकर टाकत म्हणाली.

"म्हंजे?"

"त्या पळणाऱ्याचं कुठलं लगीन? तो तर एका जागी खांबासारखा उभा. मिरवायलंय कोण? झेंडा! खालून वर मिरवत जायलाय तोच. तोच नवरदेव. वर पोचला की मांडवात गेला, बाजा बंद. एवढं कळंना होय दहा बाप्यांना?"

मास्तरचा घास हातातच राहिला. मग त्यानं अजून एक भाकर मागितली.

सकाळी मैदान उघडायच्या आत मास्तर झेंड्याच्या दोरीवाल्या शिपायाकडं गेला. त्याला पान दिलं. "मल्लय्याच्या ढोलावर ध्यान ठेवून ओढ, भाऊ. घाई नको, झोप नको." मोकळ्या दोरीवर पाच-सहा वेळा करून बघितलं. दहाही जणांना बजावलं: पायांकडं बघायचं न्हाई, झेंड्याकडं. बसप्पा म्हणाला, "सरकारी तर आज शेवटचंच हाय, बघतो." 

उंच उडीत जपानला सोनं. झेंडा निघाला, बाजा निघाला. झेंडा टोकाला लागला, बाजा बंद. भालाफेकीत इराण. परत तसंच, सुतासारखं.  बाजाच्या बाजूला खुर्चीवर ग्रामोफोन ठेवला होता, तो प्रतापरावांनी उचलून खाली ठेवला आन् त्या खुर्चीवर स्वतः बसले.

शेवटची चालण्याची शर्यत. पळायचं न्हाई, एक पाय सदा भुईला लागलेला पाहिजे. कंबर हालवत चालणारे गडी बघून लोक हसायला लागले. बाजावाले हसले न्हाईत. मैलोगणती चालत जाणं काय असतं ते त्यांना ठाऊक. शेवटच्या फेरीत आपला एक बुटका गडी जपान्याला मागं टाकून आला, तेव्हा चाँदमियाँ ढोलासकट उडाला.

दोन दिवसांत आपलं पहिलं सोनं. आपला झेंडा निघाला, आपलं गीत निघालं. आन् अर्ध्या खांबावर दोरी अडकली.

शिपाई ओढायलाय, झेंडा हालंना. मास्तरनं क्लॅरनेट न सोडता वर बघितलं. नवरदेव अर्ध्या वाटेत. नेमानं बघितलं तर गीत परत धरायला पाहिजे, आन् परत धरलं तर ग्रामोफोन. इशारा द्यायला तोंड मोकळं न्हाई. गीत शेवटाकडं चाललं. पण हे गीत मैदानातला माणूस न् माणूस बाजाबरोबर गात होता. पोरं, बाया, कानडी, तेलंगी, सगळे. जिथं सगळे थांबले तिथं बाजा थांबला. दहाच्या दहा जण. त्या घडीला कोणाचीच नजर झेंड्याकडं नव्हती.

झेंडा अजून मधेच. सगळीकडं गप. शिपायानं घाम पुसून एक हिसका दिला तेव्हा तो सुरकन वर गेला.

प्रतापराव उठून आले. मास्तर आधीच म्हणाला, "साहेब, झेंडा मधे असताना थांबलो. चुकलं."

"दोरी आमची होती, मास्तर. तुमचं काही चुकलं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "सव्वीस जानेवारीला या. परेड आहे. आणि पंधरा ऑगस्टलाही तुम्हीच. तेवढी कोटांना बटणं एकसारखी लावून घ्या."

"एकच गीत ना साहेब?"

"एकच. आणि एकदाच."

बाजा सामान आवरून मैदानाबाहेर पडला. मल्लय्या ढोल पाठीवर घेऊन पुढं, मागं सगळे. आबिड्सच्या बाजारापर्यंत मास्तर बसप्पाकडं बघत न्हाई, बसप्पा मास्तरकडं बघत न्हाई. इराण्याच्या हॉटेलात चहा सांगितला. बसप्पानं बशीत ओतून फुंकत फुंकत पिला. मग म्हणाला,

"उद्याचं काचीगुड्याचं लग्न किती वाजता हाय, मास्तर? मामाचा माणूस आज रात्री येणार. त्याला सांगतो, सरकारी कामातून सवड न्हाई म्हून."

"पहाटे निघायचं," मास्तर म्हणाला. "आन् बटणं लावून ये."